साठावी टाचणी

"जागा भरल्या," मी म्हणालो. मान वर न करता म्हणालो. जुलैत हे दोन शब्द माझ्या तोंडून दिवसाकाठी दोनतीनशे वेळा तरी निघत असतील. पुण्यातलं नावाजलेलं कॉलेज, पायऱ्यांपासून फाटकापर्यंत रांग, आणि पाच नंबरच्या खिडकीत मी, हेडक्लार्क सोपान, भोर तालुक्यातल्या किकवीचा. "दोन मार्कांनी हुकलं हो साहेब," असं कुणी म्हणालं की मी म्हणतो, "हुकलं ना? मग झालं." माझं बोलणं तिखट आहे असं सगळे म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतंही. इतक्या लोकांना रोज नाही म्हणायचं म्हणजे जिभेला थोडी मिरची लागतेच. तर मी शिक्का पॅडवर दाबत होतो आणि पुढचा अर्ज ओढणार, तेवढ्यात खिडकीबाहेरून एक बाई शांतपणे म्हणाली, "तवाबी असंच म्हनला हुता तुमी, भाऊसाहेब."

भाऊसाहेब! पुण्यात मला कुणी भाऊसाहेब म्हणत नाही. इथं मी साहेब असतो, नाहीतर 'अहो काउंटर'. गावाकडच्या कॉलेजात क्लार्कला भाऊसाहेब म्हणतात, आणि मी भोरला तीन वर्षं भाऊसाहेब होतो, एकोणसत्तर ते बहात्तर. शिक्का पॅडवर तसाच राहिला. आवाज मी ओळखला होता, म्हणूनच मान वर करायला वेळ लागला. आधी हात दिसले. खिडकीच्या कठड्यावर ठेवलेले, हिरव्या बांगड्यांचे, नखांच्या कडेला भाताच्या चिखलाचा काळपटपणा, आणि हाताखाली वसतिगृहाचा गुलाबी अर्ज. मग चेहरा. थोडी वाळली होती, कपाळ रुंद झाल्यासारखं वाटलं. तिच्यामागं सोळाएक वर्षांची उंच मुलगी उभी होती आणि माझ्याकडे सरळ बघत होती.

"जाई," मी म्हणालो.

"जाईबाई रखमाजी," ती म्हणाली. "साठ नंबर. वळखलं म्हनायचं." आणि हसली. त्या हसण्यात राग नव्हता, हेच मला नको होतं. राग असता तर माझ्याकडे उत्तरं तयार असतात. "भिऊ नका, म्या जागा मागाया न्हाई आले. ही फुला, माझी धाकटी. हिचा नंबर तुमच्या यादीत लागलाय. होस्टेलबी मिळालंय. ह्यो येक रकाना ऱ्हायलाय बगा. पाच वाजंपत्तुर भरून द्या, न्हाईतर खोली दुसरीला, असं म्हनत्यात."

रकाना मला पाठ होता. अर्ज मीच छापून घेतला होता. स्थानिक पालकाचे नाव, पत्ता, विद्यार्थिनीशी नाते, सही. बाहेरगावच्या प्रत्येक मुलीला पुण्यात एक जबाबदार माणूस हवा. आजारी पडली तर कुणाला कळवायचं, रविवारी सुटी मिळाली तर कुणाच्या घरी जायचं. "आमचं पुन्यात कुनी न्हाई," जाई म्हणाली. "येक तुमी हाय, म्हून आले. येक सही करा."

माझ्या पाठीमागच्या भिंतीवर एक टाइप केलेला कागद चिकटवला आहे. 'कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी कोणत्याही विद्यार्थिनीचे स्थानिक पालक म्हणून सही करू नये.' तीन वर्षांपूर्वी एका शिपायानं सात मुलींचा मामा होऊन दाखवला, तेव्हा मीच तो नियम केला. वरच्या साहेबांची सही घेतली, कागद मीच डकवला. मी जाईला तो कागद दाखवू शकलो असतो. त्याऐवजी म्हणालो, "जेवणाची सुटी होतेय. अडीचला बघतो." आणि खिडकीची फळी खाली ओढली. फळीपलीकडून तिचा आवाज आला, "थांबते. थांबायची सवं हाय मला."

त्या दोघी अंगणातल्या चिंचेच्या पारावर जाऊन बसल्या. जाळीतून दिसत होत्या. फुला उभी राहून इमारत बघत होती, एकेक मजला मोजल्यासारखी. मी डबा उघडला आणि झाकून ठेवला. रतननं, माझ्या बायकोनं, मेथी दिली होती. मेथीच्या वासाबरोबर भोरचं कॉलेज आलं, आता काय करणार! माणूस कुठं कुठं दारं लावतो, आणि आठवण मेथीच्या भाजीतून आत शिरते.

कॉलेज म्हणजे काय होतं? भाताच्या गिरणीची जुनी वखार. मधे तट्ट्या मारून तीन वर्ग केलेले. पावसाळ्यात कोंड्याचा ओला वास यायचा, आणि तास चालू असताना पलीकडच्या गिरणीचा पट्टा फटफट वाजायचा. प्राचार्य आनंदराव, हायस्कुलातून निवृत्त झालेले हेडमास्तर, धोतर, काळी टोपी, आवाज असा की गिरणीचा पट्टा लाजावा. विद्यापीठानं अट घातली होती. पहिल्या वर्षी प्री-डिग्रीच्या वर्गात साठ मुलं प्रत्यक्ष हजर दिसली तर मान्यता कायम, एक कमी असलं तरी पुढच्या सालापासून कुलूप. साठ! आज माझ्या फाटकाबाहेर साठ मुलं चहाच्या टपरीपाशीच उभी असतात. तेव्हा भोर-वेल्हे दोन तालुके पालथे घातले तरी अकरावी पास पोरं मोजकीच, आणि त्यातली निम्मी मुंबईला गिरणीत किंवा हॉटेलात निघून गेलेली.

आनंदरावांनी एका जुन्या सर्व्हेच्या कागदामागं दोन तालुक्यांचा नकाशा काढला आणि वखारीच्या दारावर ठोकला. पोस्टमन, शाळामास्तर, एस.टी.चे कंडक्टर, न्हावी, ज्याला ज्याला विचारता येईल त्याला विचारून अकरावी पास झालेल्या प्रत्येक पोराच्या घरावर लाल टाचणी. अर्ज आला की निळी. वर्गात येऊन बसला की पांढरी. "भाऊसाहेब, ध्यानात ठेवा," ते म्हणायचे, "दहा घरं हिंडलात तर तिघं हो म्हणतील आणि एक येईल. आपलं काम त्या गळालेल्या दोघांपाशी आहे. का गळाले ते शोधा." आणि आम्ही शोधायचो. किकवीची पोरं हमरस्त्यावरून सायकली मारत यायची, त्यांचं काही अडत नव्हतं. वेल्ह्याकडची गाडी नसरापूरला बदलावी लागते आणि भोरला साडेदहाला पोचते, म्हणून पहिला तास दहा चाळीसला. भाटघरकडच्या पोरांना बाजारादिवशी घरी थांबावं लागतं, म्हणून त्या दिवशी अर्धाच दिवस. गावात खोली घेऊन राहणाऱ्या पोरांचे डबे सकाळच्या गाडीनं यायचे, आयांनी फडक्यात बांधलेले, त्यांवर रंगानं नावं. गेनू शिपाई स्टँडवर जाऊन ते उतरवून घ्यायचा आणि वखारीच्या ओट्यावर मांडून ठेवायचा. तीस-पस्तीस डबे, तीस-पस्तीस घरांचे वास. हे सगळं त्या म्हाताऱ्यानं डोक्यानं काढलं होतं. आज मोठमोठी कॉलेजं प्रवेशाचं नियोजन म्हणून समित्या नेमतात, अहवाल काढतात. मला हसू येतं. आनंदरावांकडे एक टाचण्यांची डबी होती, आणि माझे पाय होते.

पायांना ते दिवस आठवतात. मी चोवीस वर्षांचा, पायताणं हातात, धोतराचा काचा मारलेला गेनू पुढं, काखोटीला माहितीपत्रकांचा गठ्ठा. ओढे ओलांडायचे, घराच्या दारात उभं राहायचं आणि पोराचा बाप शेतातून येईपर्यंत गुळाचा चहा प्यायचा. एका दिवसात अकरा चहा प्यायल्याचं मला आठवतं. मी गोड बोलायचो तेव्हा! खोटं वाटेल, पण माझी जीभ तेव्हा साखरेची होती. "काका, पोरगं फौजदार होईल." "मावशी, दोन वर्षांचा तर प्रश्न." माझ्या शब्दावर लोक पोरं पाठवत होते. त्या उन्हातान्हातल्या, चिखलातल्या दिवसांइतका सुखी मी नंतर कधी झालो नाही. कुणीतरी आपली वाट बघतंय आणि आपण कुणाला तरी बोलवायला चाललोय, ह्यासारखं सुख नाही. आता माझ्याकडे लोक चालत येतात आणि मी फळी ओढतो.

माहितीपत्रकावर एक चित्र होतं. दुमजली इमारत, समोर फुलझाडं, वर पाटी, 'मुलींचे वसतिगृह'. ड्रॉइंग मास्तरांकडून काढून घेतलेलं. इमारत नव्हती, जागाही नव्हती, नुसता ठराव होता. मी एकदा विचारलं, तर आनंदराव म्हणाले, "होणार आहे ना? मग झालं. होणाऱ्या गोष्टीचं चित्र काढणं म्हणजे खोटं नव्हे."

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एकोणसाठ पांढऱ्या टाचण्या झाल्या आणि गाडी थांबली. कमिटी पंधरा दिवसांवर. न विचारलेली एकच लाल टाचणी उरली होती, वेल्ह्याच्या पलीकडच्या वाडीवर, ओढ्याच्या त्या अंगाला. मुलीची टाचणी म्हणून तिच्याकडे कुणी गेलंच नव्हतं. दुसरंही कारण होतं, ते कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. मी गेलो. घर शेणानं स्वच्छ सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, उदबत्तीची राख खाली पडलेली. रखमाजी हातपाय धुऊन आला आणि माझ्यासमोर पोत्यावर बसला. ठकुबाई, त्याची बायको, दाराआड. जाई उंबऱ्यात, हातात मार्कांचा कागद, अठ्ठावन्न टक्के. सातएक वर्षांचं एक पोर माझ्या गठ्ठ्यातलं माहितीपत्रक ओढत होतं. ती फुला.

"भाऊसाहेब, शिकाया न्हाई म्हनत न्हाई म्या," रखमाजी म्हणाला. "शिकलीच पायजे. पर ऱ्हानार कुठं? भोरात माझा येक चुलतभाऊ हाय, येका खोलीत आठ माणसं. त्येची मालकीण बाळंत व्हईल भादव्यात. तवर ठेवील तो. म्होरं?"

मी पत्रक उघडून चित्र दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं, चित्र मात्र त्यानं बराच वेळ बघितलं, बोटानं खिडक्या मोजल्या. "ही हाय व्हय भोरात?"

"होणार आहे. आणि होईपर्यंत राहायची सोय माझ्याकडे लागली. शब्द देतो."

"तुमचा सबुद?"

"माझा."

ठकुबाई दाराआडून म्हणाली, "जाऊ द्या मग तिला." बस्स, एवढंच.  परत येताना मी गाणं म्हणत होतो. साठ झाले होते!

कमिटी आली त्या दिवशीची गंमत सांगायलाच हवी. आमच्या भागात आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, घरातलं प्रत्येक माणूस शेतात लागतं. म्हणून आनंदरावांनी पंचांग बघून आठ दिवसांची आवणीची सुटी लावली होती. पण त्या साली पाऊस लांबला. सुटी कोरडीच गेली, पोरं घरी बसून कंटाळली, आणि कमिटीच्या आदल्या दिवशी खाचरं भरली. सकाळी वर्गात सतरा डोकी! आनंदरावांच्या टोपीखालून घाम. गेनू सायकलवर, मी टेम्पोत, ड्रॉइंग मास्तर बैलगाडीत, आम्ही बांधाबांधावरून हाका मारत फिरलो. पोरं आली, होती तशी आली, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर इरली. कमिटीतल्या गोऱ्यापान गृहस्थांनी विचारलं, "हे विद्यार्थी आहेत?" आनंदराव म्हणाले, "साहेब, एका हातानं भात लावतात, एका हातानं वही धरतात. पाय बघू नका, हजेरी घ्या." हजेरी मी घेतली. एकोणसाठला भाटघरचा एक पोरगा 'हजर' म्हणाला. मी म्हणालो, "साठ." आणि मागच्या बाकावरून, स्वच्छ कोरड्या पायांनी पहाटेपासून येऊन बसलेली एकटी जाई उभी राहिली आणि म्हणाली, "हजर."

मान्यता कायम झाली. पेढे वाटले. आनंदरावांनी नकाशावर साठावी पांढरी टाचणी माझ्या हातानं लावून घेतली. तिथपर्यंतची आठवण मी कितीही वेळा काढू शकतो. त्यापुढं मात्र ती माझ्या हातात नीट राहत नाही, आणि मी बहुतेक तिथंच थांबतो. आज पारावर त्या दोघी बसल्या होत्या म्हणून थांबता येईना.

मी तेव्हा सगुणाबाईंकडे भाड्यानं राहत होतो. नवरा गेलेली बाई, नदीच्या अंगाला घर, पुढची खोली माझी, मधल्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची लेक रतन. मागं परसात एक खोली रिकामी. मी रिकामीच म्हणतो, कारण माणूस कुणी नव्हतं. सगुणाबाई मला पोटच्या पोरासारखं बघायच्या. ताप आला की काढा, सणाला पुरणपोळी, 'सोपाना, खा रं, हाडं दिसत्यात.' आणि रतन पाणी ठेवून जायची, न बोलता. तिच्या त्या न बोलण्यात माझं सगळं लक्ष असायचं. भादव्यात जाईच्या चुलत्याकडे बाळंतपण झालं. जाई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. "भाऊसाहेब, ऱ्हायची सोय."

मी गावात विचारलं. वाण्याच्या माडीवर विचारलं, मारवाड्याकडे विचारलं. पोरीचं गाव विचारायचे, मग वस्ती विचारायचे, मग खोलीत अचानक पाहुणे यायचे असायचे. शेवटी सगुणाबाई. सगुणाबाई नाही म्हणाल्या. 'नको रे बाबा, लोक काय म्हणतील, घरात लग्नाची पोर आहे,' असं म्हणाल्या. तेव्हा त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. कधी मला वाटतं, मिरच्या कांडत होत्या. मुसळाचा आवाज मला स्पष्ट ऐकू येतो, आणि तरी तांदळातले खडे बाजूला काढणारं बोटही दिसतं. नऊ वर्षांत एवढं मागंपुढं होणारच. दुसऱ्या दिवशी मी जाईला सांगितलं, "सगुणाबाईंच्या परसात एक जागा होती, पण भरली." तिनं विचारलं, "कोन आलं?" मी म्हणालो, "आलं कुणीतरी." ती बरं म्हणाली.

मग ती महिनाभर वाडीहून येऊन-जाऊन करत होती. पहाटे अंधारात निघायची, दोन तास चालायची, गाडी पकडायची. तिचा डबा आता गाडीनं येत नव्हता, तीच घेऊन यायची. दसऱ्यानंतर ती आली नाही. मी गेलो नाही. का गळाले ते शोधा, असं आनंदराव म्हणायचे. पण हे शोधायची गरजच नव्हती, आणि गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात तशी साठाव्या मुलीची गरज सरली होती. हजेरीपटावर मात्र तिला मी मार्चपर्यंत हजर ठेवलं, साठ दिसायला हवेत म्हणून. रोज साठच्या रकान्यापाशी पेन जरा थांबायचं, आणि मग चालायचं. सत्तराच्या उन्हाळ्यात आनंदराव गेले. एकाहत्तरात माझं आणि रतनचं लग्न झालं. बहात्तरात पुण्याची नोकरी. सगुणाबाईंना तीन वर्षांपूर्वी आम्ही पर्वतीच्या पायथ्याशी, आमच्याकडे आणलं. झालं, एवढीच गोष्ट.

अडीचला मी फळी वर केली नाही. बाजूच्या दारानं बाहेर पडलो आणि पारावर गेलो. हातात स्वतःचं पेन होतं, ऑफिसचं नव्हे; असल्या बारीकसारीक चलाख्या माझ्यात फार. फुला पायातल्या चपलेशी खेळत होती. "चित्रातल्या होस्टेलात भाऊसाहेब मला न्यायला येत्याल का, असं ही बारकी असताना इचारायची," जाई म्हणाली. "त्ये चित्र हिनं भिताडाला लावलं हुतं. आजून हाय. खिडक्यास्नी रंग दिलाय."

"तू काय करतेस?" मी विचारलं.

"आवणी चाललीय न्हवं? टाकून आले. मालक एस.टी.च्या डेपोत हायती, दोन पोरं हायती. बरं चाललंय." मग जराशानं म्हणाली, "परीक्षा न्हाई दिली, येवढंच ऱ्हायलं."

मला म्हणायचं होतं, जाई, माझं चुकलं. डोळ्यांत पाणी होतं, खोटं का सांगू! पण तोंडातून निघालं ते असं, "मला सही करायची परवानगी नाही. नियम आहे. मीच केलाय."

"मग?" ती म्हणाली. तिनं विनवणी केली नाही. नुसतं 'मग' म्हणाली आणि अर्ज माझ्या गुडघ्यावर ठेवला. फुला बघत होती. त्या पोरीच्या नजरेत लाल, निळी, पांढरी अशी कुठलीच टाचणी नव्हती. आली होती आणि राहणार होती, एवढंच. मी अर्ज मांडीवर नीट धरला, नाव लिहिलं. पत्ता लिहिला. नात्याच्या रकान्यापाशी थांबलो. तिथं सगळे मामा लिहितात, काका लिहितात. निम्म्या पुण्याला मी ह्या रकान्यात खोटा मामा होताना पाहिलंय.

"काय लिहू? काका लिहितो," मी म्हणालो. मला ते मनापासून हवं होतं.

"काका-मामा नगं," जाई म्हणाली. "वळखीचे, असं लिवा. खरं तेवढंच हाय."

मी लिहिलं, 'ओळखीचे'. सही केली. तिनं अर्ज घेतला, पत्त्यावरून बोट फिरवत सावकाश वाचला आणि विचारलं, "पत्त्या खरा हाय न्हवं?"

"खरा आहे."

"मग रविवारी येईल ही. दर रविवारी जायाची सूट असती म्हनं." आणि त्या दोघी वसतिगृहाच्या ऑफिसकडे चालत गेल्या. मी साहेबांकडे जाऊन सांगितलं की नियम मी मोडलाय. ते म्हणाले, "तुम्ही? कमाल आहे!" आणि लेखी द्यायला सांगितलं. लेखी दिलं. त्याचं पुढं काय व्हायचं ते होईल.

शुक्रवार, शनिवार मी घरी जाईचं नाव काढलं नाही. रतनला म्हणालो, रविवारी एक जण जेवायला आहे. सगुणाबाईंना काय सांगायचं ते जुळवत राहिलो. चिडल्या तर असं, रुसल्या तर तसं, ताट वेगळं घाला म्हणाल्या तर काय. नऊ वर्षांपूर्वीचं त्यांचं 'नको रे बाबा' मी दोन दिवस ऐकत होतो, आणि त्या म्हातारीवर मनातल्या मनात चिडत होतो. मुसळाचा आवाज येत होता, आणि तांदूळही दिसत होते.

रविवारी दहाला फुला आली. विचारत विचारत एकटी आली, वेणीला नवी रिबीन. सगुणाबाई दाराशी चटईवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं. "कुनाची गं तू?"

"रखमाजीची. वेल्ह्याकडची," फुला म्हणाली आणि उंबऱ्याबाहेर थांबली.

मी घाईनं पुढं झालो. "मामी, ही जाईची बहीण. भोरला जिच्यासाठी तुमच्या परसातली खोली मागितली होती मी, एकोणसत्तर साली. तुम्ही नको म्हणालात ना, ती जाई. आता ते मागचं..."

सगुणाबाईंचे हात थांबले. "कवा मागितली?"

"भादव्यात. तुम्ही तांदूळ..."

"न्हाई," त्या म्हणाल्या. अगदी साधेपणानं म्हणाल्या. "मला कुनी इचारलं न्हाई, जावईबापू. म्हातारी झाले, पर हे इसरन्यासारखं न्हाई. इचारलं असतंत, तर न्हाईच म्हनले असते म्या तवा. खोटं कशाला बोलू? त्या टायमाला न्हाईच म्हनले असते. पर तुमी इचारलं न्हाई. त्या खोलीत त्या साली गवऱ्या हुत्या, दुसरं काय न्हवतं."

तांदूळ गेले. मिरच्या गेल्या. मुसळ थांबलं. उरलं ते एवढंच, की त्या संध्याकाळी रतननं माझ्यापुढं पाणी ठेवलं, मधल्या दारातून सगुणाबाईंची हाक आली, "सोपाना, जेवाया ये," आणि विचारायचं म्हणून उघडलेलं तोंड मी भाकरीनं बंद केलं. ही मुलगी आणि हे घर मला मिळायला हवं होतं, म्हणून. नाही त्यांनी म्हटलं नव्हतं. त्यांच्या तोंडात ते मी घातलं, आणि नऊ वर्षं त्यांच्या हातचं खात त्यांना दोष दिला. मला अशी लाज वाटली की उंबऱ्याकडे बघवेना.

"उभी का गं?" सगुणाबाई फुलाला म्हणाल्या. "ये आत. बस हितं माझ्यापाशी. लसूण सोलाया येतो का?"

फुलानं चपला काढल्या, आत आली, चटईच्या कडेला बसली आणि एक गड्डा हातात घेतला. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. म्हणालो, "फुला, जाईला सांग. जागा भरलेली नव्हती. मी विचारलंच नव्हतं."

"ताईला ठाव हाय," ती म्हणाली. "तुमी सांगितलंत त्याच दिशी ती मागल्या दारानं बगून आली हुती. गवऱ्याच हुत्या म्हनली."

"तरी माझ्याकडेच आणलं तुला?"

"म्याबी त्येच इचारलं तिला," फुला म्हणाली आणि सोललेली पाकळी ताटलीत टाकली. "तर म्हनली, येकदा चुकलेला माणूस हाय त्यो, दुसऱ्यांदा न्हाई म्हनायचा न्हाई."